वडिलोपार्जित बंदुका: ओळख, जतन आणि कागदपत्रं

घाटपायथा

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ घर सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी. घरात दोन बंदुका आहेत. एक बारा बोअरची दुनळी. पणजोबांनी घेतली, आजोबांनी वापरली, आता मोठ्या काकांच्या परवान्यावर आहे. दुसरी तोड्याची (जळत्या वातीने पेटवायची) बंदूक, जवळजवळ माणसाच्या उंचीची. तिचा कान, म्हणजे नळीला बत्ती देण्याचं छिद्र, गंजून बुजलाय. ती कधी आणि कुठून आली हे घरात कुणालाच माहीत नाही.

काका ७६ वर्षांचे आहेत, त्यांना मूलबाळ नाही. चुलतभावंडांचं म्हणणं, "कशाला डोक्याला ताप, पोलिसांत जमा करून मोकळे व्हा." मला ते पटत नाही. मला शिकार करायची नाही, बारही काढायचा नाही. पण या दुनळीच्या कुंद्यावर जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड तीन पिढ्यांच्या हाताळण्याने गुळगुळीत झालंय, आणि चापाभोवतीच्या कडीवरचा काळा रंग जाऊन खालचं पोलाद चांदीसारखं उघडं पडलंय. दरवर्षी खंडेनवमीला काका तिला पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहतात. घरातली भांडी, पालखी, जमिनी सगळ्यांच्या वाटण्या झाल्या. एवढी एकच वस्तू आहे जिला माझ्या पणजोबांचा हात लागलाय आणि जी अजून जशीच्या तशी आहे.

दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर 'डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर, ६८ हेमार्केट, लंडन' असं कोरलंय. कुणी जाणकार सांगेल का, हिचं वय कसं काढायचं, कायद्याने ती माझ्याकडे कशी येऊ शकते, आणि त्या तोड्याच्या बंदुकीचं काय करायचं?

वकीलवाडी

घाटपायथा, प्रश्न योग्य वेळी विचारलात. काका हयात आहेत ही यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू.

बऱ्याच घरांत समज असतो की परवानाधारक गेल्याशिवाय वारसाला अर्ज करता येत नाही. तसं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ बघा. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो स्वतः आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. काका दोन्ही अटींत बसत असतील. त्यांना मूलबाळ नाही म्हणता, तेव्हा कायदेशीर वारसांत आणखी कोणकोण येतं (काकू असतील तर त्या, इतर पुतणे-पुतण्या) ते आधी नीट काढा आणि सगळ्यांची ना-हरकत लेखी घ्या. त्यांनी आज सही करून दिली तर पुढची निम्मी धावपळ वाचेल. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. तुमची चौकशी होईल, वैद्यकीय दाखला लागेल, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागेल, आणि घरात ते कुलूपबंद कसं ठेवणार हे दाखवावं लागेल.

दुसरी गोष्ट. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेल्याही त्या दोनांतच मोजल्या जातात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

आणि ज्या घरांत परवानाधारक आधीच वारलेत त्यांच्यासाठी: बंदूक कपाटात तशीच ठेवून "बघू नंतर" म्हणू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. पावती घ्या, तिच्यावर बनावट आणि क्रमांक नीट लिहून घ्या, आणि मुदतीत परवान्याचा अर्ज किंवा कायदेशीर विक्री करा. कुणीच फिरकलं नाही तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. चांगल्या चांगल्या बंदुका अशाच गेल्यात.

तोड्याच्या बंदुकीबद्दल सविस्तर नंतर लिहितो, तो विषय नाजूक आहे.

बारा_बोअर

ग्रीनर! वाचूनच बरं वाटलं.

पट्टीवरचं नाव हा फक्त पहिला धागा. खरी कुंडली नळीच्या पोटाखाली असते. काकांना परवानाधारक म्हणून हे करायला सांगा, तुम्ही शेजारी बसून टिपून घ्या. आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी बघायचं, बोट घालूनही बघायचं. मग पुढचा लाकडी हातधरा काढून नळ्या सुट्या करायच्या. चेंबरखाली जे दोन सपाट भाग दिसतात त्यांच्यावर बारीक ठसे असतील. ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. १८१३ पासून तिथे प्रत्येक नळीत जादा दारू भरून बार काढतात, आणि जी टिकते तिच्यावरच ठसा पडतो. नियम बदलत गेले तसे ठसेही बदलले, म्हणून त्यांच्यावरून काळ सांगता येतो:

एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट असेल तर १९०४ च्या आधीची. 'नॉट फॉर बॉल' कोरलेलं असेल तर १८७५ ते १८८७ मधली. पुढे तोंड आवळलेल्या, म्हणजे चोक असलेल्या नळीत गोळी घालू नका, एवढाच त्याचा अर्थ. मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' असेल तर १९०४ नंतरची. चेंबरची लांबी इंचात दिली असेल तर १९२५ नंतरची. 'टन्स' दिसलं तर १९५४ नंतरची.

आणखी एक. नळीवर तिरक्या उजेडात नागमोडी जाळी दिसते का बघा. दिसली तर ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र वळून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली चीज. नायट्रो प्रूफचा (बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा) ठसा नसेल तर तिच्यात आजचं काडतूस कधीच घालायचं नाही.

तुमच्या नळीवर काय काय आहे ते लिहा.

सह्यकन्या

थोडं वेगळं मत मांडते. माझ्याही आजोळी बंदूक होती आणि दिवाणखान्यात वाघाचं कातडं होतं. लहानपणी त्याचं अप्रूप वाटायचं, आता वाटत नाही. या दुनळ्यांनी आपल्या सह्याद्रीत किती जनावरं संपवली याचा हिशोब कोण ठेवणार? १९७२ चा वन्यजीव कायदा यायला खूप उशीर झाला होता. आम्ही आमची बंदूक जमा केली आणि मला त्याचं दुःख नाही. वारसा म्हणून जपायला घरात इतर गोष्टी नसतात का?

घाटपायथा

सह्यकन्या ताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे आणि मी ते टाळून पुढे जाऊ इच्छित नाही. आमच्या पणजोबांनी शिकार केली आहे. पुढे आजोबांच्या काळात ही बंदूक भाताच्या खाचरांत रानडुकरं हुसकायलाच बाहेर निघायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला वाटतं, वस्तू जपली तर हे दोन्ही पुढच्या पिढीला सांगता येईल. ती वितळवली गेली तर रानडुकरांचीही गोष्ट जाईल आणि शिकारीचीही.

वकीलवाडी

सह्यकन्या, जमा करणं हाही पूर्ण सन्माननीय मार्ग आहे. ज्यांना जबाबदारी नको त्यांनी तोच घ्यावा. फक्त तो विचार करून घेतलेला असावा.

आता तोड्याची बंदूक. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुन्या बनावटीचं, पुरातन मूल्य असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. सगळी मेख "दुरुस्ती करून किंवा न करता" या शब्दांत आहे. कान बुजलाय, चाप अडकलाय, एवढ्यावर ती सुटत नाही. चांगला कारागीर कान मोकळा करू शकतो. म्हणजे "जुनी आहे, शोभेची आहे" हे आपलं आपण ठरवायचं नसतं. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी मत घ्या आणि काकांच्या सहीने पोलीस ठाण्यात व परवाना शाखेत अर्ज देऊन तिची नोंद करा. स्वतःहून पुढे गेलेल्या माणसाकडे यंत्रणा वेगळ्या नजरेने बघते, हा माझा अनुभव.

वस्तू शंभर वर्षांपलीकडची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही डोक्यात ठेवा. परदेशातला भाऊ "मी घेऊन जातो" म्हणाला तरी ती देशाबाहेर नेता येत नाही.

जुना_बाजार

कान मोकळा करायच्या भानगडीत कुणीही पडू नका, हे आधी ठळक लिहितो.

ठासणीच्या आणि तोड्याच्या बंदुका अनेकदा भरलेल्या अवस्थेतच टांगून ठेवलेल्या सापडतात. रात्री जनावर आलं तर हाताशी असावी म्हणून कुणीतरी भरली, जनावर आलं नाही, आणि भरलेला बार काढायला कुणाला वेळ नव्हता. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी पेटते. म्हणून पहिली पायरी: नळीचं तोंड माणसांपासून दूर, आणि एक लाकडी काठी हलकेच आत, टेकेपर्यंत. तोंडाशी काठीवर खूण करा. मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. काठीचं टोक कानापर्यंत पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबायचं. ठोकणं नाही, गरम पाणी नाही, इंटरनेटवरचे उपाय नाहीत. विक्रेत्याला किंवा पोलिसांना तसं सांगूनच ती हलवायची.

आता जरा आनंदाचं. कुंदा बारीक आणि सरळ आहे का? नळी लाकडाला पितळी पट्ट्यांनी किंवा चामड्याच्या वादीने बांधली आहे का? उजवीकडे कानाखाली छोटी रंजकाची (आधी पेटवायच्या दारूची) वाटी आणि तिच्यावर फिरतं झाकण आहे का? असेल तर आपल्याकडची देशी बनावट. लोखंडाची लांब पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली नळी. चाप ओढला की जळत्या तोड्याचं टोक रंजकावर उतरायचं. गार आणि चकमक (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणं) युरोपातून आल्यावरही आपल्याकडे तोडा फार काळ टिकला, कारण तो कुठल्याही लोहाराला समजत होता आणि गारेची वाट बघावी लागत नव्हती. कवायती पलटणी मात्र गारेच्या बंदुकांकडे गेल्या. महादजी शिंद्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन याने उभारलेल्या कंपूंसाठी (पलटणींसाठी) आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखानाच चालायचा.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बाजारात 'टॉवर' (लंडनच्या सरकारी शस्त्रकोठाराचा ठसा) आणि मुकुट कोरलेल्या भरपूर बंदुका दिसतात. खऱ्या टॉवरच्या ठशात अक्षर खोल आणि स्वच्छ असतं, नकलीत ते ओरखड्यासारखं उथळ असतं, स्पेलिंगही चुकतं. स्क्रूचे आटे यंत्राचे, नळीला पाइपसारखा सांधा, पितळ पत्र्याचं. कंपनी सरकारच्या अस्सल बंदुकीच्या चापपट्टीवर १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा सिंह असतो, पंजात मुकुट धरलेला. त्याआधी हृदयाच्या आकारातलं कंपनीचं चिन्ह. खरी वस्तू एकदा हातात घेऊन बघितली की नकली ओळखायला वेळ लागत नाही, पण त्यासाठी आधी संग्रहालयं पालथी घाला: पुण्याचं केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन. केळकर संग्रहालयातल्या दारूच्या शिंगड्या तर बघतच राहाव्यात अशा.

कोडगूची_सून

मी माहेरची बेळगावची, सासर कोडगूत (कूर्गमध्ये). इकडे बंदूक म्हणजे देवघरातली वस्तू. सप्टेंबरात कैलपोळ्द असतो, तेव्हा घरातली सगळी हत्यारं काढून फुलांनी सजवतात, पूजा होते आणि मग नारळावर नेमबाजी. कोडवा घरांना आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली.

सांगायचं ते वेगळंच. आमच्या सासऱ्यांनी प्रत्येक बंदुकीसाठी एक वही केली आहे. कुणी घेतली, कुणाकडून, कुठल्या लग्नात कुणाच्या हातात होती, कुंदा कधी फुटला आणि कुठल्या सुताराने जोडला. त्या वहीमुळे माझ्या मुलीला खापरपणजोबांचं नाव माहीत आहे. घाटपायथा, काकांना आत्ता बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा.

लीड्सकर

इथे यॉर्कशायरमध्ये राहतो. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात भारतीय हत्तीचं चिलखत आहे, ते बघायला येणारे आपले पाहुणे बंदुकांच्या कपाटांवरून भरभर पुढे जातात. तिथे तोड्याच्या भारतीय बंदुका फूटभरावरून निरखता येतात, जुना_बाजार यांनी सांगितलेलं फिरतं झाकणही.

कायद्यातला फरक नोंदवतो, कारण इथले नातेवाईक चुकीचे सल्ले देतात. ब्रिटनमध्ये केवळ शोभेची किंवा दुर्मिळ वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकांना १९६८ च्या कायद्यात सूट आहे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका केंद्रीय कायद्याने पुरातन धरल्या जातात. भारतात वयावरून अशी सरसकट सूट नाही. तेव्हा "अमेरिकेत चालतं" हे ऐकून कुणी गावच्या घरात प्रयोग करू नयेत.

घाटपायथा

गावाला जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, या धाग्याची प्रिंट काढून नेली होती.

तोड्याची बंदूक आधी सांगतो. काठी कानाच्या चांगली वीतभर अलीकडे थांबली. काकांनी तिथल्या तिथे ती खाली ठेवली आणि पोलीस पाटलांना बोलावलं. आता ती रीतसर ठाण्यात आहे, पावतीवर "आत भरलेली असण्याची शक्यता" असं लिहून घेतलंय. जुना_बाजार, ती काठी आम्ही आयुष्यात विसरणार नाही. आमची लहान मुलं त्याच भिंतीखाली झोपायची.

दुनळी. काकांनी नळ्या काढल्या, मी भिंग धरलं. दोन्ही सपाट भागांवर मुकुट आणि 'बीपी', मुकुट आणि 'बीव्ही', मुकुट आणि 'एनपी'. चौकट तिरपी करून काढलेल्या चौकोनात '१२' आणि खाली 'सी'. त्याच्या बाजूला 'नायट्रो प्रूफ १⅛ मॅक्स'. इंच कुठेच नाही. नळीवर जाळी नाही, सरळ काळी. मागच्या बाजूला पट्टीतून आडवा जाणारा गोल खिळा आहे, आणि सुरक्षेची कळ वर नसून डाव्या बाजूला आहे.

बारा_बोअर

वा! आडवा गोल खिळा म्हणजे ग्रीनरचा प्रसिद्ध क्रॉस बोल्ट, बाजूची कळ हीसुद्धा त्यांचीच ओळख. मुकुटातले बीपी, बीव्ही, एनपी आहेत म्हणजे १९०४ नंतरची, इंच नाहीत म्हणजे १९२५ च्या आधीची. पोलादी नळ्या, आणि बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या, छर्ऱ्यांचं वजन जास्तीत जास्त सव्वा औंसाला थोडं कमी, म्हणजे एक अष्टमांश वर एक औंस. तुमचे पणजोबा त्या वीस वर्षांत कमावते होते का, ते जुळवून बघा.

चेंबर बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं. आजची बरीच काडतुसं ७० ची असतात. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं, हीच त्यातली फसवी गोष्ट. बार उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. काका अजून बार काढत असतील तर चेंबर आधी मोजून घ्या आणि पेटीवर छापलेली लांबी बघूनच काडतूस आणा. घोडे रिकामे पाडायचे नाहीत, जुन्या पिना तुटतात.

जतनाचं थोडक्यात. ब्रासो नाही, सँडपेपर नाही, नवा काळा रंग तर अजिबात नाही. रापलेला रंग गेला की बंदुकीचं वयही गेलं आणि किंमतही. लालसर गंज दिसला तर तेलात भिजवलेलं मऊ फडकं, हलक्या हाताने, घाई न करता. कुंद्याला जवसाच्या तेलाचा थेंबभर हात, तळव्याने चोळून. स्क्रूला घरातला पेचकस लावू नका, या खाचा केसासारख्या अरुंद असतात आणि एकदा बिघडल्या की कायमच्या. कोकणात तर चामड्याच्या पेटीत ठेवूच नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि नळी तिथेच गंजते. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल, आणि तेल लावल्यावर नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा. तोंड वर असलं की तेल उतरून कुंद्याच्या मानेत मुरतं, लाकूड मऊ पडतं, आणि एक दिवस तिथेच चिरतं. जुन्या ब्रिटिश दुनळ्यांतला सगळ्यात सामान्य आजार हाच.

मोडीवाचक

कागद विसरू नका. संस्थानांच्या काळात परवाने संस्थानच्या शिक्क्याने निघायचे. सावंतवाडीच्या हद्दीत घर असेल तर जुन्या ट्रंकेत तसा कागद असू शकतो, कदाचित मोडीत. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बंद केलं, युरोपीय लोक त्यातून मोकळे होते. त्या काळात कुणाच्या तरी पणजोबांना परवाना मिळाला, याचा अर्थ त्यामागे अर्ज, शिफारस, जामीन असं काहीतरी असणारच. फोटो टाका, वाचून देतो. कागद लॅमिनेट करू नका.

घाटपायथा

मोडीवाचक, ट्रंकेत एक घडी सापडली आहे! वरच्या कोपऱ्यात गोल शिक्का, निम्मा पुसट, मजकूर मोडीत. आज रात्री उजेडात नीट फोटो काढून टाकतो.

काकांनी माझ्या नावाची शिफारस सही करून दिली. चुलतभावंडांपैकी दोघांनी ना-हरकत दिली, धाकटी बहीण म्हणाली की मला पण प्रशिक्षण घ्यायचंय. वकीलवाडी, तिचं नाव माझ्यानंतरची वारस म्हणून आत्ताच नोंदवता येईल का, की तिने स्वतंत्र अर्ज करायचा?

वकीलवाडी

आत्ता फक्त तुमचा अर्ज जाऊ दे, एका शस्त्राचे दोन दावेदार दिसले की चौकशी लांबते. बहिणीने प्रशिक्षण मात्र जरूर घ्यावं. अर्जासोबत काकांच्या चालू परवान्याची प्रत, त्यावरचा युआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक, दुनळीचा क्रमांक आणि तुम्ही टिपलेले ठसे एका कागदावर जोडा. परवान्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे जमा करण्याआधी स्वतः पडताळा. जुन्या नोंदवह्यांतून उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो, आणि तो काका असतानाच दुरुस्त झालेला बरा.